क्लचच्या नटावरची लाल रेघ

गाडी गेल्याचं संघमित्राला उजाडता उजाडता कळलं. खांद्याला नमुन्यांची थंड पेटी, हातात हेल्मेट, अशी ती जिना उतरून खाली आली आणि गुलमोहराखालची जागा मोकळी होती. जमिनीवर तेलाचा डाग तेवढा होता. आधी तिला वाटलं, वडिलांनी पुढे लावली असेल. मग तिनं शेजारची गल्ली पाहिली, मग मागची. मग ती परत त्या डागापाशी येऊन उभी राहिली. हेल्मेट हातातच होतं.

ती एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. पवईच्या उंच इमारतींमधली म्हातारी माणसं चहा न पिता तिची वाट बघत बसायची. स्वतःची गाडी असेल त्यालाच लॅब हे काम द्यायची. नसेल त्यानं काउंटरवर बसून पावत्या फाडायच्या. साहेबांनी तिला थोडी सवलत दिली. तोवर रिक्षानं जा, म्हणाले, पण गाडीचं लवकर बघ, नाहीतर मला पवई दुसऱ्याला द्यावी लागेल.

चौकीत हवालदारानं तक्रार लिहून घेतली.

"काळी, लाल पट्ट्याची," ती म्हणाली.

"ताई, भांडुपमध्ये निम्म्या गाड्या काळ्या, लाल पट्ट्याच्या आहेत," तो म्हणाला.

त्या दिवसापासून संघमित्राला रस्त्यावरची प्रत्येक गाडी आपली वाटायला लागली, आणि प्रत्येक गाडीवाला चोर.

त्यातच एका दुपारी ती टेंभीपाड्याच्या चढावर एका आजींचं जेवणानंतरचं रक्त घेऊन चालत खाली येत होती. एका जुन्या इमारतीच्या फाटकाच्या आत तिला ती दिसली. काळी, लाल पट्ट्याची. नंबर वेगळा होता, पण नंबराची पाटी दोन स्क्रूंवर असते. आरसे वेगळे होते, पण आरसे तर कोणीही बदलतं. संघमित्रानं इकडेतिकडे पाहिलं, पेटी खाली ठेवली आणि सरळ गाडीवर बसून क्लच ओढून पाहिला.

आपल्या गाडीचा क्लच बोटांना ओळखता येतो. तिच्या गाडीची दांडी आधी थोडी सैल यायची, मग पकड घ्यायची. ही दांडी पहिल्यापासूनच ताठ होती. जरासुद्धा सैल नाही. म्हणजे गाडी तिची नव्हती. तरी ती उतरली नाही, कारण तिला ते विचित्र वाटलं. इतका ताणलेला क्लच घेऊन कोण फिरतं?

"बरी वाटते का बसायला?"

जिन्याच्या तोंडाशी एक माणूस उभा होता. तिशीचा असेल. चष्मा डोक्यावर चढवलेला, हातात ओलं फडकं.

"ही गाडी कोणाची?" तिनं विचारलं.

"ज्याला न विचारता तुम्ही बसलात, त्याची."

"माझी अशीच गाडी चोरीला गेलीय."

"अच्छा. म्हणजे मी चोर."

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हणायचं फक्त राहिलंय." तो पुढे आला आणि टाकीवर पालथा पडलेला पुठ्ठा त्यानं सरळ केला. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं – गाडी विकणे आहे.

संघमित्रा उतरली. "विकताय?"

"हो... म्हणजे, बघू. पण आधीच सांगतो, क्लच गेलाय हिचा. प्लेटा बदलाव्या लागतील, इंजिन खोलावं लागेल. कशाला डोक्याला ताप घेता?"

गाडी विकणारी माणसं काय काय सांगतात ते तिला पाठ होतं. एकाच हातची आहे, तेल वेळेवर टाकलंय, चढावर अशी पळते. आपण होऊन क्लच गेलाय म्हणणारा तिला पहिलाच भेटत होता.

"कागद कोणाच्या नावावर?"

"जान्हवीच्या."

"जान्हवी कोण?"

त्यानं डोक्यावरचा चष्मा काढला आणि फडक्यानं पुसायला घेतला. ओल्या फडक्यानं काच आणखी धुरकट झाली. "घरातली," तो म्हणाला.

"तिला माहितीये का, तुम्ही विकताय ते?"

तो काच पुसत राहिला. "क्लच गेलाय," तो परत म्हणाला. "खरंच सांगतो."

संध्याकाळी तिनं हे सगळं वडिलांना सांगितलं. कुंडलिकरावांनी अख्खी नोकरी शहरातल्या बस चालवण्यात घालवली होती. माणसावर आणि ब्रेकवर त्यांचा सारखाच विश्वास होता – म्हणजे तपासल्याशिवाय नाही.

"आपली खोट जो आपणच सांगतो ना, त्याला दुसऱ्या खोटीवरनं लक्ष काढायचं असतं," ते म्हणाले. "एक तर गाडी चोरीची. नाहीतर बायकोची, आणि बायकोला पत्ता नाही."

"किंवा तो खरं बोलत असेल."

"गाडी विकताना?" कुंडलिकरावांनी तिच्याकडे नीट बघितलं. "दिसायला कसा आहे?"

"तुमचं काहीतरीच, पप्पा."

दुसऱ्या दिवशी ती परत टेंभीपाड्याला गेली. स्वतःशी म्हणाली, गाडी पाहिजे म्हणून जातेय. या वेळी बॅगेत पाना होता.

त्याचं नाव सुयोग. मुलुंडला चष्म्याच्या दुकानात कामाला. आज सुट्टी होती. ती दिसल्यावर त्यानं तोंड वाकडं केलं, पण किल्ली दिली. संघमित्रानं गाडी चढावर घातली. रेस वाढवली तसं इंजिन ओरडायला लागलं, पण गाडी काही पुढे पळेना. आवाज रिक्षाच्या पुढे जायचा आणि गाडी रिक्षाच्या मागे राहायची. वर पोचेपर्यंत करपल्याचा वास नाकात बसला.

"सांगितलं ना, क्लच स्लिप मारतोय," खाली आल्यावर सुयोग म्हणाला. तो चक्क खूश दिसत होता.

तेच तिला खटकलं. विकणारा माणूस गिऱ्हाइकाची निराशा बघून खूश का होईल?

ती दांडीपाशी वाकली. सगळ्या गाडीवर धूळ होती, पण केबल ताणायचा छोटा नट मात्र चकचकीत होता. त्याच्या कडांवर पान्याचे ताजे ओरखडे होते. तिनं बॅगेतनं पाना काढला.

"ए... काय करतेस?"

"काही नाही. बघतेय."

तिनं नट थोडा सैल केला. दांडी आता आधी जराशी मोकळी यायला लागली, मग पकडायला लागली. ती पुन्हा चढावर गेली. या वेळी गाडी अशी ओढत गेली की वरच्या वळणावर एका कोंबडीला पळावं लागलं.

परत येऊन तिनं स्टँड लावला आणि हेल्मेट काढलं.

"प्लेटा चांगल्या आहेत," ती म्हणाली. "केबल मुद्दाम ताणलीय. क्लच सोडला तरी पूर्ण सुटतच नाही, अर्धवट दाबलेला राहतो. म्हणून स्लिप मारते. तूच आवळलास हा नट."

सुयोगनं त्या चकचकीत नटाकडे पाहिलं.

"चांगल्या गाडीला वाईट म्हणून का विकतोयस?"

"मी कुठं विकतोय?" तो म्हणाला. म्हणताना त्याला स्वतःचंच नवल वाटल्यासारखं दिसलं.

तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन खाली आली. सुनंदाकाकी. दोन कप, वर बशा झाकलेल्या.

"घे गे, चाय घे. ह्येना तुका पण सांगल्यान ना, क्लच गेलो म्हणान? सगळ्यांका तसाच सांगता. लोक येतत, चढावर जातत, वास काढून परत येतत. नाव काय तुझा?"

"संघमित्रा."

नाव सांगितलं की समोरचं माणूस मनातल्या मनात काही जुळवत क्षणभर थांबतं का, हे संघमित्रा लहानपणापासून बघत आली होती. सुनंदाकाकी थांबल्या. तिनं तेही मनात नोंदवलं.

"लांब नाव गे. मी मित्राच म्हणतंय," काकी म्हणाल्या, आणि त्यांनी कपबशी तिच्या हातात दिली. "गाडी जान्हवीची. माझी सून. गेल्या गणपतीत डेंग्यू झालो, आणि... गेली. ह्येका तर गाडी चलवूक पण येणा नाय. ती चलवायची, ह्यो मागे. भाजीची पिशवी घेवन."

काकी वर गेल्या. चहावर साय धरायला लागली. संघमित्राला वडिलांचं म्हणणं आठवलं – बायकोची, आणि बायकोला पत्ता नाही. बाकी काही असो, तेवढं त्यांचं अगदी बरोबर निघालं होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"आईला वाटतं गाडी समोर दिसते म्हणून मी असा बसतो," सुयोग म्हणाला. "विकून टाक, म्हणते. मी हो म्हणालो. पुठ्ठा पण मीच लिहिला. पण गिऱ्हाईक आलं की..."

"नट आवळायचास."

"एकदा केबल बसवताना मी जास्त फिरवला होता. जान्हवी ओरडली होती – अरे, प्लेटा जळतील, पुढे जाणार नाही गाडी. मला तेवढंच येतं."

संघमित्रानं साय बाजूला करून चहा प्यायला. "सॉरी," ती म्हणाली. "मी काहीबाही बोलले काल."

"चोर म्हणालीस."

"म्हणाले नव्हते."

"म्हणायचं राहिलं होतं." तो पहिल्यांदाच हसला. मग हसू आवरून म्हणाला, "तू वापर गाडी. खरंच. विकत नाही, नुसती वापर. बंद पडून सडण्यापेक्षा... ठेवायची मात्र इथेच. इथे फाटकाला कुलूप असतं."

"आणि?"

"आणि काय?"

"एवढंच? अट काय?"

"तुला संशय फार येतो."

"अट काय ते सांग."

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "रविवारी मला मागे बसव. पवईपर्यंत. बाकी काही नाही."

घरी कुंडलिकरावांनी हे ऐकून टीव्हीचा आवाज बंद केला. "फुकट गाडी कोणी देत नाही, मित्रा. आज मागे बसतो, उद्या आठवण आली की म्हणेल गाडी परत दे. नाहीतर परत तो नट आवळेल. सवय असते माणसाला."

तिला राग आला. पण दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी काढायला गेली तेव्हा तिच्या खिशात लाल नेलपॉलिशची बाटली होती. फाटकाशी कोणी नव्हतं. तिनं नटावरून खालच्या भागापर्यंत एक बारीक सरळ रेघ ओढली. कोणी नट जरा फिरवला तरी रेघ तुटणार. वडील बसच्या चाकांच्या नटांवर रंगाची अशीच खूण करायचे. काकी वरून बघत नाहीत ना, हेही तिनं पाहिलं. मग रेघ वाळेपर्यंत फुंकर घालत बसली.

रोज गाडी घेताना ती आधी रेघ बघायची. रोज रेघ सलग असायची. आणि रोज तिला बरं वाटायचं, मग बरं वाटल्याचा संशय यायचा.

रविवारी सुयोग मागे बसायचा. दोन्ही हात मागच्या कडीला धरून, मध्ये पेटी मावेल एवढं अंतर ठेवून. इतका सभ्यपणाही तिला पहिल्यांदा संशयास्पदच वाटला.

"धर की नीट," ती म्हणाली. "पडशील."

"कुठे धरू?"

"खांदा आहे ना."

मग एक हात खांद्यावर आला. हलका. गतिरोधक आला की तो हात उचलायचा आणि गेला की परत ठेवायचा. असं कोणी करतं का? गतिरोधकावरच तर धरायचं असतं. संघमित्रानं हे त्याला सांगितलं नाही. पण पवईच्या रस्त्यावर गतिरोधक किती आहेत, हे तिच्या पहिल्यांदाच लक्षात आलं.

पवईला तळ्याकाठी ते भेळ खायचे. कधी तो जान्हवीबद्दल सांगायचा. सिग्नलला ती इंजिन बंद करायची आणि मागे वळून याला म्हणायची, काहीतरी बोल, झोपलास का. कधी काहीच सांगायचा नाही, नुसता पाण्याकडे बघत बसायचा. मग संघमित्रा त्याला दुकानातल्या गिऱ्हाइकांबद्दल विचारायची.

"तू डोळे बारीक करून बघतेस," एकदा तो म्हणाला. "नंबर असेल. दुकानात ये, तपासतो."

"नंबर नाहीये. संशय आहे."

"त्याला आमच्याकडे काच नाही."

ती हसली. हसताना तिला ठसका लागला आणि त्यानं पाण्याची बाटली उघडून दिली. झाकण मात्र घाबरून तळ्यात पाडलं. परत येताना तिच्या ध्यानात आलं की आता ती रस्त्यावरच्या काळ्या, लाल पट्ट्याच्या गाड्यांकडे बघत नाही. कधी बंद झालं ते कळलंच नव्हतं.

आणि मग गांधीनगरच्या चढावर गाडीनं दगा दिला.

रविवारच होता. उन्हाळा लागला होता, रस्त्यावरून गरम वाफ येत होती. पुलावरून पवईकडे वळताना तिनं रेस दिली आणि इंजिन ओरडलं. गाडी जागच्या जागी रेंगाळली. मागचा टेम्पो हॉर्न वाजवत बाजूनं गेला. तिनं परत रेस दिली. परत तेच. आणि तोच वास, पहिल्या दिवशीचा.

तिनं गाडी कडेला घेतली. हेल्मेट काढलं. मान घामानं भिजली होती.

"कधी केलंस?" तिनं विचारलं.

"काय?"

"नाटक नको, सुयोग. काल संध्याकाळी गाडी ठेवली तेव्हा चांगली होती. रात्रीत नट आवळलास."

"मी? नाही गं."

"गाडी परत हवी होती तर तोंडानं सांगायचं ना. मी काय हिसकावून घेणार होते? वेळ आली असती तर मी काउंटरवर बसले असते. पण हे असं... मागच्या दारानं? पप्पा म्हणालेच होते."

"काय म्हणाले होते?"

"सवय असते माणसाला."

सुयोगचा चेहरा उतरला. तो चेहरा बघून तिला आणखी राग आला. ती दांडीपाशी वाकली, पुरावाच दाखवायला. आणि वाकलेलीच राहिली.

लाल रेघ होती तिथेच होती. सलग. केसाएवढीही तुटलेली नव्हती. तिनं दांडी हलवून पाहिली. आधी थोडी सैल, मग पकड. जशी असायला पाहिजे तशी.

सुयोगही वाकला. "हे काय आहे?"

"...नेलपॉलिश."

"नटाला?"

"हो."

"कोणी फिरवला तर कळावं म्हणून?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"कधी लावलंस?"

"पहिल्याच दिवशी."

त्यानं रेघेवरून अंगठा फिरवला. "म्हणजे रोज सकाळी तू आधी हे बघायचीस," तो म्हणाला. "मी वर खिडकीत उभा असायचो. मला वाटायचं, ही गाडीला हात लावून निघते. बरं वाटायचं."

ट्रक जात होते, येत होते. संघमित्राला वाटलं, एखाद्यानं इतका आवाज करावा की आपण काही बोलायची गरज राहू नये.

"चुकले मी," ती म्हणाली.

"चल," तो म्हणाला. "उतारावरून घरी जाईल ती. तुझ्या वडिलांना दाखवू."

सोनापुरात, तिच्या घराशी पोचल्यावर, कुंडलिकराव लुंगीवर खाली आले. त्यांनी आधी सुयोगकडे पाहिलं, मग गाडीकडे. मग गाडीवर बसले.

"बघ," ते मुलीला म्हणाले, जणू सुयोग तिथे नव्हताच. "ब्रेक घट्ट धरायचा. गाडी टॉप गिअरमध्ये टाकायची. थोडी रेस देऊन क्लच सोडायचा. क्लच धडधाकट असेल तर इंजिन गपकन बंद पडतं. गेला असेल तर..."

त्यांनी क्लच सोडला. गाडी जागची हलली नाही, आणि इंजिन मजेत चालू राहिलं. चालूच राहिलं.

"गेला," कुंडलिकराव म्हणाले. त्यांनी किल्ली फिरवली. "केबल ठीक आहे. आत प्लेटा जळल्यात. आणि ह्या काही एका दिवसात जळत नाहीत. कोणीतरी महिनेच्या महिने जाळल्यात."

"मी, काका," सुयोग म्हणाला.

"तुला तर चालवता येत नाही म्हणे."

"मी केबल ताणून ठेवायचो. गिऱ्हाईक यायचं, चढावर रेस देऊन देऊन बघायचं. मला वाटायचं, नुसता बहाणा आहे. नट सैल केला की संपलं." तो थांबला. "जान्हवी म्हणाली होती, प्लेटा जळतील. मी अर्धंच ऐकलं."

आता संघमित्राच्या लक्षात आलं. तिनं नट सैल केला तेव्हा उरलीसुरली पकड होती, म्हणून गाडी एकटीला घेऊन चढली. पेटी, रोजचा पवईचा चढ, रविवारी डबलसीट – तेवढ्यात उरलेलं संपलं. आणि ती मोठ्या ऐटीत म्हणाली होती, प्लेटा चांगल्या आहेत.

"म्हणजे तू लोकांना सांगत होतास ते खरं होतं," कुंडलिकराव म्हणाले.

"तेव्हा खोटं होतं, काका. सांगता सांगता खरं झालं."

कुंडलिकरावांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. बसच्या मोठ्या आरशात मागच्या दारावर लटकलेल्या माणसाकडे बघायचे, तसं. मग ते गाडीवरून उतरले.

"ह्याला धड खोटंही बोलता येत नाही," ते मुलीला म्हणाले. "वर ये म्हणावं. चहा टाकतो."

चहा झाल्यावर ती त्याला रिक्षाच्या थांब्यापर्यंत सोडायला गेली. दोघंही रस्त्याच्या कडेनं, मध्ये तेच अंतर, पेटी मावेल एवढं.

"रागावलायस?" तिनं विचारलं.

"हो."

"बरं."

थोडं चालून झाल्यावर तो म्हणाला, "आता कमी झाला."

"मला आणखी एक संशय आहे," ती म्हणाली.

"आता कसला?"

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "रविवारी तू मागे बसतोस... ते गाडीसाठी नाही. असा संशय."

सुयोग थांबला. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. या वेळी काच साफ झाली.

"कधीपासून आला हा संशय?"

"बाटलीचं झाकण पाण्यात पाडलंस, तेव्हापासून."

"मला त्याच्या आधीपासून आहे," तो म्हणाला. "माझाच मला. पहिल्या रविवारी वाटलं, हिच्या मागे बसून आपण जान्हवीला आठवतोय. दुसऱ्या रविवारी पवई आली तरी आठवली नव्हती. मला फार वाईट वाटलं. घरी जाऊन जेवलो नाही."

"आणि मग?"

"मग पुढच्या रविवारची वाट बघायला लागलो." तो रस्त्याकडे बघत होता. "मी तिला विसरणार नाही, मित्रा."

"विसर म्हटलं का मी?"

"नाही."

"मग?"

रिक्षा आली. तो बसला नाही. रिक्षावाल्यानं "बसताय का नाही?" असं विचारलं आणि रिक्षा निघून गेली. संघमित्रानं हात पुढे केला. त्यानं तो धरला. वाटेत गतिरोधक नव्हता, काही नव्हतं, तरी सोडला नाही.

सुनंदाकाकींना काही सांगावं लागलं नाही. पुढच्या वेळी ती गेली तेव्हा त्यांनी चहाबरोबर घावणे दिले आणि म्हणाल्या, "तुझ्या पप्पांका पण घेवन ये गे. आमच्या माणसाक ते कसल्या नजरेन बघतत, ता माका पण बघूचा आसा." संघमित्रानं ओळखलं, संशय फक्त तिच्याच घरात राहत नव्हता.

नव्या प्लेटा दोघांनी स्टेशनजवळच्या दुकानातून आणल्या. रविवारी सुयोगनं बॅटरीचा उजेड धरला, आणि संघमित्रानं इंजिनच्या झाकणाच्या पहिल्या स्क्रूला हात घातला.

"हे झाकण शेवटचं जान्हवीनं लावलं होतं," तो म्हणाला. थांब म्हणाला नाही. नुसतं तेवढंच म्हणाला.

संघमित्रानं हत्यार खाली ठेवलं. "घाई नाही," ती म्हणाली.

सोमवारी तिनं लॅबमध्ये तिच्यासारखेच नमुने घेणाऱ्या धवलला पवई दिली आणि त्याचं मुलुंड घेतलं. हातची जाईल म्हणून जिच्यासाठी इतके दिवस जीव टांगणीला लागला होता, तीच पवई. साहेबांनी विचारलं, का गं? ती म्हणाली, मुलुंडचा रस्ता सपाट आहे. रविवारीही ते आता पवईला जात नाहीत. भांडुपहून मुलुंडपर्यंत सरळ रस्त्यानं जातात, हळू, चढ टाळून. सुयोगचा हात आता गतिरोधकावरही खांद्यावरच असतो.

"प्लेटा आणल्यात ना?" कुंडलिकराव अधूनमधून विचारतात. "मग बसवत का नाही? मला काहीतरी गडबड वाटते."

"बसवू, पप्पा," ती म्हणते.

नव्या प्लेटा सुनंदाकाकींच्या फळीवर, कोकमाच्या बरणीशेजारी, आहेत त्या पाकिटात आहेत. बसवायच्या राहिल्या आहेत.